माझ्या शब्दावर मिळालेला परवाना

माउंट रॉस्किल, ऑकलंड
मंगळवार, १८ फेब्रुवारी १९९७

प्रिय गुरुनाथ,

एकाच शहरात राहणाऱ्या बहिणीने भावाला पत्र लिहावं, ही जरा गंमतच आहे. माझ्या घरापासून ओटाहुहूतलं तुझं दुकान गाडीने वीस-पंचवीस मिनिटांवर, आणि फोन तर आपला रोजच होतो. पण फोनवर मी तुझ्यापुढे टिकत नाही रे. तू बोलायला लागलास की तुझा एकेक मुद्दा असा पुढे येतो की मी नुसती 'हं, हं' करत बसते, आणि फोन खाली ठेवला की मग मला आठवतं, मला काय म्हणायचं होतं ते. मिरजेला आपण भांडायचो तेव्हाही हेच. मी मोठी, मी खरी, आणि बाबांपुढे जिंकायचास मात्र तू. पत्राला मध्येच 'पण ताई, ऐक ना' म्हणता येत नाही, म्हणून हे लिहिते आहे. शेवटपर्यंत वाच. तुझी टाइप केलेली चौदा पानं मी तीनदा वाचली आहेत, तेव्हा तेवढा माझा हक्क आहे.

तू माझ्याकडे दोन गोष्टी मागितल्यास. पहिली, त्या चौदा पानांवर सही. दुसरी, तुझ्या बंदुकीच्या परवान्यासाठी माझा शब्द. जुना आजन्म परवाना आता चालत नाही, दर दहा वर्षांनी नवा घ्यायचा, आणि त्यासाठी पोलिसांकडचं कुणीतरी घरच्या माणसाला भेटून चौकशी करणार. अर्जात बायकोचं नाव घालायचं तिथे तू माझं घातलंस, आणि कांचन सध्या गावाला आहे असं लिहिलंस. परवा, गुरुवारी चार वाजता पोलिसांकडच्या त्या बाई माझ्याकडे यायच्या आहेत. तू मला म्हणालास, "ताई, मागच्या वेळेसारखंच. पाच मिनिटांचं काम आहे." मागच्या वेळेसारखंच, हे तुझे शब्द गेले दहा दिवस माझ्या डोक्यातून जात नाहीत.

आधी चौदा पानांचं सांगते. सरकारने एका निवृत्त न्यायाधीशांना बंदुकांच्या कायद्याचा फेरविचार करायला सांगितलं, त्यासाठी लोकांची मतं मागवली, आणि तू कामाला लागलास. 'लष्करी पद्धतीची अर्धस्वयंचलित बंदूक' म्हणजे नेमकी कुठली, हा तुझा प्रश्न. कायद्यात यादी आहे. घडी होणारा दस्ता असेल, सातापेक्षा जास्त काडतुसं मावणारं मॅगझिन असेल, संगीन अडकवायची सोय असेल, पिस्तुलासारखी सुटी मूठ असेल, नळीच्या टोकाला आगीचा भपका झाकणारी टोपी असेल, तर ती लष्करी. तिला वेगळी परवानगी, वेगळी तिजोरी, वेगळी तपासणी. आणि यातलं काही नसेल तर तीच बंदूक ससे-बकऱ्यांच्या शिकारीची. तू लिहिलं आहेस की दोन्हींतून गोळी सारख्याच वेगाने सुटते, घोडा सोडला की दोन्हींत पुढची गोळी आपोआप तयार असते, मग मुठीचा आकार बघून कायदा ठरवतो तरी काय? मिशी काढली म्हणून माणूस दुसरा होतो का, असं सहाव्या पानावर आहे. ते वाचून मी एकटीच हसले.

आणि तुझ्या क्लबातल्या त्या गृहस्थांची हकीकत तर मी ऑपरेशन थिएटरमध्येही सांगितली. तीस काडतुसांच्या मॅगझिनमध्ये त्यांनी लाकडाचा ठोकळा बसवला, आत सातच मावतील असं केलं, आणि पोलीस म्हणाले की दिसायला ते मोठंच दिसतं, म्हणून ते मोठंच. त्यावर तीन महिने पत्रव्यवहार. तुझ्या लिहिण्यात ही सगळी माणसं जिवंत होतात, हे मला तुला सांगायचंच होतं. शिवाय तुझं म्हणणं मला पटलंही. अठरा वर्षं मी ऑपरेशनच्या टेबलाशी उभी आहे. गोळी लागलेली माणसं फार आली नाहीत, देवाची कृपा, पण जी पाच-सहा आली त्यांची जखम बघून बंदुकीची मूठ कशी होती हे एकाही सर्जनला सांगता आलं नसतं. फरक एवढाच की यादीत अर्थ नाही म्हणून तू म्हणतोस यादी काढून टाका, आणि मी म्हणते अशा सगळ्याच बंदुका काढून टाका. तू म्हणशील, ताईला यातलं काही कळत नाही. नसेल कळत. पण तुझ्या अकराव्या पानावरचं एक वाक्य मात्र मला चांगलंच कळतं. 'बंदुकीची व्याख्या करण्यापेक्षा सरकारने बंदूकधारकाची नीट पारख करावी, आणि ती पद्धत आपल्याकडे उत्तम आहे. माझीच पारख १९९० साली झाली.' गुरुनाथ, ती पारख म्हणजे मी होते.

आठवतोय का तो दिवस? ऑगस्ट महिना, इथला हिवाळा, बाहेर कडाक्याची थंडी. तू तेव्हा आमच्याकडेच मागच्या खोलीत राहत होतास. थॉमसन नावाच्या आपल्या त्या म्हाताऱ्या शेजाऱ्याने तुला पोर्ट वायकाटोकडे बकऱ्यांच्या शिकारीला नेलं होतं, आणि तू परत आलास तो चिखलाने माखून, हसत. बेडूक कापायच्या प्रॅक्टिकलला चक्कर येऊन पडलेला माझा भाऊ शिकारीला गेला, याचं तुझ्या भावोजींना कोण नवल वाटलं. मला नवल नाही, आनंद झाला होता. कित्येक महिन्यांनी तू हसताना दिसलास. म्हणून तू परवान्याचा अर्ज केलास तेव्हा मी म्हटलं, घेऊ दे, मोकळ्या हवेत जाईल, चार लोकांत मिसळेल. आणि मग तो तरुण कॉन्स्टेबल आला. बूट दाराबाहेर काढले त्याने, मला फार आवडलं ते. मी पोहे केले, तू चहा टाकलास. त्याने मला विचारलं, आपण दोघंच बोलायचं का? मी म्हटलं, त्याची काही गरज नाही, हा मला मुलासारखा आहे. मग तू तिथेच बसलास, त्याच्या बशीत चिवडा वाढत.

त्याने एकेक प्रश्न विचारला आणि मी एकेक उत्तर दिलं. दारू? नाही. भांडणं? छे. राग? आमच्याकडे सगळ्यांत शांत तोच. कधी मन खचलं होतं, कधी स्वतःच्या जिवाचं काही करून घेईल अशी भीती वाटली होती? मी हसून म्हटलं, कधीच नाही, फार समजूतदार मुलगा आहे. आता मागे वळून पाहिलं की मला स्वच्छ दिसतं मी काय करत होते. तो पोलीस नव्हताच माझ्या लेखी. मुलीकडचं कुणीतरी स्थळाची चौकशी करायला आलंय, आणि मी मुलाची बहीण म्हणून समोर बसले आहे, असं माझं चाललं होतं. आपल्याकडे अशा वेळी काय बोलायचं असतं हे कुणाला शिकवावं लागत नाही. मुलगा निर्व्यसनी, मुलगा हुशार, मुलगा घरच्यांना धरून. उणं असेल त्यावर पांघरूण. खोटं बोलतोय असं वाटतच नाही त्यात, उलट घरच्या माणसाचं रीतसर केलं असं वाटतं. मावशीच्या आशालताचं लग्न असंच झालं, आठवतं ना? अख्ख्या गल्लीने सांगितलं मुलगा सोन्यासारखा आहे, आणि तो रोज पिऊन येतो हे गल्लीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. आपण दोघं तेव्हा किती चिडलो होतो त्या गल्लीवर. आणि मी पोह्यांवर खोबरं घालून तेच केलं.

कारण त्याच वर्षीचा मार्च महिना मी विसरले नव्हते. आपण त्याबद्दल सात वर्षांत एक अक्षर बोललेलो नाही, पण आज मी लिहिणार आहे. तुझी फार्मसीची इथली परीक्षा दुसऱ्यांदा गेली. तू तीन आठवडे खोलीबाहेर आला नाहीस. जेवायला हाक मारली की आतून 'नंतर' एवढंच. एका दुपारी मी ड्यूटी बदलून लवकर घरी आले, आणि तू न्हाणीघराच्या फरशीवर पडला होतास. गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या मी उचलल्या, तुला ओकायला लावलं, संध्याकाळपर्यंत तुझी नाडी धरून बसले. नर्स असून मी अँब्युलन्स बोलावली नाही. का? कारण हॉस्पिटल माझं, तिथे चार मराठी डॉक्टर, दोन मराठी नर्स, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या तोंडी झालं असतं. तू वाचलास ते तुझ्या नशिबाने, माझ्या शहाणपणाने नाही. एखाद्या दुसऱ्या नर्सने असं केलेलं मला कळलं असतं तर मी तिला कामावरून काढायला लावलं असतं. तुझ्या भावोजींना मी सांगितलं की तुला विषमज्वरासारखं काहीतरी झालंय. पाच महिन्यांनी त्या कॉन्स्टेबल मुलाने मला सरळ प्रश्न विचारला आणि मी हसून 'कधीच नाही' म्हटलं. त्यानंतर दोन महिन्यांनी तू ती रायफल विकत घेतलीस, आणि नोव्हेंबरात अरामोआना झालं. समुद्रकाठचं एवढंसं गाव, आणि एका माणसाने तेरा जणांना मारलं. टीव्हीवर ते बघत असताना मी तुला म्हटलं, ती वस्तू परत करून ये. तू म्हणालास, "तो माणूस आणि मी सारखे आहोत का?" तुला मी त्या माणसासारखं कधीही मानलेलं नाही, आजही नाही. मला भीती होती ती दुसऱ्या कुणाच्या जिवाची नव्हती.

ब्याण्णव साली तो नवा कायदा आला, तुझी रायफल यादीत बसली, आणि तू ती यादीबाहेर काढलीस. मूठ असलेला दस्ता काढून साधा लाकडी बसवला, मोठं मॅगझिन काढून पाचाचं लावलं, संगिनीचा आकडा कानशीने घासून टाकला. पोलिसांनी बघून ठीक आहे म्हटलं, आणि तेही नियमाला धरूनच. काढलेले भाग विकून टाकले, असं तू आम्हाला सांगितलंस. त्याआधी एक्क्याण्णवच्या जानेवारीत तुझं लग्न झालं होतं. तेव्हा कांचनच्या काकांचं कोल्हापूरहून मला पत्र आलं होतं, मुलाची प्रकृती, स्वभाव कसा ते मोकळेपणाने कळवावं म्हणून. मी मोकळेपणाने दोन पानं लिहिली. कॉन्स्टेबलला सांगितलं तेच, शब्दही बहुतेक तेच.

मधली वर्षं चांगली गेली. ती मी नाकारत नाही. तू परीक्षा पास झालास, स्वतःचं दुकान झालं, ऋग्वेदा झाली. अर्ध्या ओटाहुहूचं औषध तुझ्या हातचं, सामोअन आज्या तुला 'माय सन' म्हणतात, हे मला किती ठिकाणी मिरवायला मिळालं. मग पंच्याण्णवच्या नोव्हेंबरात ते दोघं दुकानात शिरले. कोडीनच्या गोळ्यांसाठी, नशेला वापरतात त्या. सुऱ्याच्या धाकाने त्यांनी तुला वीस मिनिटं जमिनीवर पालथं ठेवलं. त्या दिवसानंतर तू बदललास आणि आम्ही सगळे म्हणालो, साहजिक आहे, होईल ठीक. तुझं वजन उतरलं. तू बकऱ्यांच्या शिकारीला जाणं बंद केलंस, पण बंदुकीवरचं वाचन वाढवलंस. थॉमसन वारले तेव्हा त्यांच्या अंत्यविधीलाही गेला नाहीस. रविवारी यायचास तो कात्रणं घेऊन, आणि दस्ता-मुठीखेरीज दुसरा विषय नाही. मला वाटायचं, निदान बोलतोय तरी. आता वाटतं, त्या चौदा पानांत तू स्वतःला कोंडून घेतलंस आणि आम्ही बाहेरून टाळ्या वाजवल्या.

जानेवारीत कांचन आणि ऋग्वेदा माझ्याकडे राहायला आल्या. शाळेच्या सुट्ट्या आहेत, पोरीला इथल्या स्विमिंग पूलमध्ये पोहायला शिकवते, असं कांचनने तुला सांगितलं. आता शाळा सुरू होऊन दोन आठवडे झाले, पोरीचा पहिलाच वर्ग, आणि कांचन रोज सकाळी तिला इथून गाडीने ओटाहुहूला सोडते, दुपारी परत आणते. तू एकदाही विचारलं नाहीस की त्या घरी का येत नाहीत. तेच मला सगळ्यात लागलं. एका दुपारी ऋग्वेदा तिच्या टॉग्जच्या, पोहायच्या कपड्यांच्या पिशवीतून एक वाकडी काळी वस्तू काढून माझ्या स्वयंपाकघरात खेळत होती. तुझं ते तिसाचं मॅगझिन. मी विचारलं, हे कुठलं गं? ती म्हणाली, "It's Baba's. He puts it on, and then he takes it off." बिस्किटाच्या डब्यात असतं म्हणाली, स्क्रू ड्रायव्हरसुद्धा तिथेच असतो. पाच वर्षांची पोर मला तुझा कायदा समजावून सांगत होती.

मी कांचनला समोर बसवलं. ती म्हणाली की दिवाळीपासून तू दुपारी दुकान सहाय्यक मुलीवर सोपवून घरी येतोस, जुना दस्ता चढवतोस आणि ती बंदूक मांडीवर घेऊन मागच्या खोलीत बसतोस. चोर आले तर म्हणून, असं तिला सांगतोस. इथे तो परवान्याला चालणारा हेतूच नाही, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. आणि ख्रिसमसच्या आठवड्यात तू तिला शांतपणे म्हणालास की माझ्याशिवाय तुमचं दोघींचं जास्त चांगलं चालेल, विम्याचे कागद वरच्या खणात आहेत. ती म्हणाली, ताई, ते रागाने बोलले असते तर मी एवढी घाबरले नसते. तेव्हा मी तिला मार्च महिन्याचं सगळं सांगितलं. लग्नाला सहा वर्षं झाल्यावर. तिसऱ्या दिवशी भाजी चिरता चिरता म्हणाली, तुम्ही काकांना खरं लिहिलं असतं तरी मी कदाचित हो म्हटलं असतं, पण मग मला कशाकडे लक्ष ठेवायचं ते कळलं असतं.

तुझी चौदा पानं मी सही न करता परत करते आहे. त्याऐवजी न्यायाधीशांना मी माझं एक पान पाठवलं. इंग्रजी माझं तुझ्याइतकं चांगलं नाही, पण समजेल. मी लिहिलं की मूठ, दस्ता, मॅगझिन यावर विद्वानांना हवं तेवढं भांडू दे, मी एक नर्स आहे आणि एका परवानाधारकाची बहीण आहे. मी पोलिसांशी खोटं बोलले. मला कुणी धमकावलं नव्हतं, मला एवढंच वाटत होतं की घरातली गोष्ट घरात राहावी. तेव्हा घरच्या माणसाला विचाराल तर एकटीला विचारा, ती 'गरज नाही' म्हणाली तरी एकटीला विचारा, आणि एकदाच विचारून दहा वर्षं निर्धास्त राहू नका. खाली नाव, पत्ता, फोन नंबर सगळं दिलं. तुझं नाव दिलं नाही.

तुला राग येईल. आलाच पाहिजे. 'ताईने घात केला' असं वाटेल, आणि इथल्या आपल्या मंडळींत ही गोष्ट पसरेल तेव्हा काही जण तसं म्हणतीलही. गणपतीच्या आरतीला बायका माझ्याशी जरा जपून बोलतील. बोलू देत. तुझ्या परवान्याचं, कदाचित फार्मसीच्या नोंदणीचंही काय होईल, यावर मी वकिलाशी बोलले आहे. डब्यातल्या त्या भागांसह ती बंदूक विनापरवाना लष्करी ठरते, हे खरं, पण स्वतःहून दिली आणि उपचार चालू आहेत असं दिसलं तर पुष्कळ फरक पडतो, असं तो म्हणाला. दुकान गेलं तरी आपण बघू. भावोजींशी बोलणं झालंय, त्यांनाही आता सगळं माहीत आहे. ते फक्त एवढंच म्हणाले की मला आधी का नाही सांगितलंस, आणि उठून मागच्या खोलीतलं सामान हलवायला लागले. पलंग मोकळा केलाय. तुला यावर वाद घालायचा असेल तर घाल, मी महिनाभर रजा घेतली आहे, माझ्याकडे भरपूर वेळ आहे. फक्त मागच्या वेळेसारखं माझ्याकडून आता होणार नाही.

आता हे पत्र कशासाठी, ते. गुरुवारची मी वाट पाहिली नाही, गुरुनाथ. काल सोमवारी मी आणि कांचन पोलीस स्टेशनला जाऊन आलो. पहिली माझी खोटी साक्ष सांगितली, मग मार्च, मग दिवाळीपासूनचं सगळं. तिथल्या पोलीस बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, बंदूक त्यांच्या हाताशी नसेल अशी वेळ कुठली? मी म्हटलं, सकाळी दहा, तेव्हा तो दुकानात असतो. हे पत्र तू वाचतो आहेस तेव्हा बुधवारचे दहा वाजून गेले आहेत, आणि कांचनने स्वतःच्या किल्लीने स्वतःच्या घराचं दार त्यांना उघडून दिलं आहे. रायफल, डबा, काडतुसं, सगळं आत्ता या क्षणी बाहेर पडतं आहे. तुला ते फोनवरून किंवा एखाद्या पोलिसाच्या तोंडून कळू नये, माझ्याकडूनच कळावं, म्हणून हे तुझ्या हातात मी स्वतः दिलं. दुकान बघायला बदली फार्मासिस्ट बोलावला आहे, तो दारात उभा आहे तोच. अकरा वाजता डॉक्टरांकडे वेळ घेतली आहे. ते मराठी नाहीत, मुद्दाम बघून घेतलेत. मी तुझ्या काउंटरसमोरच बसले आहे, बहुतेक औषधाची वाट बघणाऱ्या तुझ्या आज्यांच्या मध्ये. चिडला असशील तर चिडलेलाच ये, बोलायचं नसेल तर बोलू नकोस, पण पांढरा कोट काढून ठेव आणि बाहेर ये. तू आल्याशिवाय मी इथून उठणार नाही.

तुझीच,
सुलेखाताई